निषेधाचे छायाचित्र आणि निषेधाचे कारण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरस्कार सोहळ्यात किंवा पदक स्वीकारताना एखाद्या नामवंताने निषेध नोंदवला की दुसऱ्या दिवशी चर्चा रंगते ती बहुधा औचित्याची. निषेध कशासाठी होता, हा प्रश्न मागे पडतो आणि पुढे वर्षानुवर्षे मागेच राहतो. यात माध्यमांचा वाटा मोठा आहे, म्हणून हे पत्र.

२७ मार्च १९७३ रोजीच्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता म्हणून मार्लन ब्रँडो यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्यांच्या वतीने अमेरिकेतील मूलनिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या साचीन लिटलफेदर मंचावर आल्या आणि रॉजर मूर यांनी पुढे केलेली बाहुली त्यांनी तळहात उंचावून नाकारली. ब्रँडो यांचे अनेक पानी निवेदन त्यांच्या हातात होते, परंतु एका मिनिटापेक्षा अधिक बोलू दिले जाणार नाही, अशी ताकीद त्यांना आधीच मिळाली होती. त्यामुळे चित्रपटांतून होणारे मूलनिवासींचे विपर्यस्त चित्रण आणि अमेरिकेतील वुंडेड नी या गावी त्याच सुमारास सुरू असलेला मूलनिवासींचा हक्कांसाठीचा संघर्ष, ही दोन कारणे त्यांनी टाळ्या आणि हुर्यो यांच्या गदारोळात थोडक्यात सांगितली. संपूर्ण निवेदन लोकांपर्यंत पोहोचले ते तीन दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापल्यामुळे. मंचावर नाकारलेली जागा वृत्तपत्राने दिली, ही त्या प्रसंगातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे, आणि नेमकी तीच आज सहसा कोणी सांगत नाही.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीने लिटलफेदर यांची माफी मागितली ती २०२२ मध्ये. त्याच वर्षी त्यांच्या निधनानंतर त्यांच्या बहिणींनी त्यांच्या मूलनिवासी वंशाच्या दाव्यालाच आव्हान दिले. हा वाद गंभीर आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी; मात्र त्यामुळे वुंडेड नी येथील लोकांच्या मागण्या खोट्या ठरत नाहीत. बातम्यांतून हा फरक क्वचितच स्पष्ट झाला.

१९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमधील छायाचित्राचेही तसेच झाले आहे. टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंच्या पदक स्वीकारताना उंचावलेल्या, हातमोजे घातलेल्या मुठी सर्वांना आठवतात, पण कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य दाखवण्यासाठी ते बुटांशिवाय, काळ्या मोज्यांत उभे होते, हे छायाचित्राखालच्या ओळीत क्वचितच येते. रौप्यपदक विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन तर त्यात केवळ साक्षीदार वाटतो. वास्तविक स्मिथ आणि कार्लोस यांच्याप्रमाणे त्याच्या छातीवरही मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला होता. स्मिथ आणि कार्लोस यांना तेव्हा क्रीडाग्रामातून बाहेर काढण्यात आले. नॉर्मनला मायदेशी मिळालेल्या वागणुकीबद्दल त्याची माफी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१२ मध्ये मागितली, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. पदकप्रदान समारंभातील निदर्शनांवर ऑलिंपिकमध्ये आजही बंदी आहे, २०२१ मध्ये नियम काहीसे शिथिल होऊनही.

प्रसिद्ध व्यक्तीच्या निषेधाला प्रसिद्धी मिळतेच. ज्या अनाम लोकांसाठी तो केलेला असतो, त्यांना ती मिळेल की नाही, हे मात्र वृत्तपत्रांच्या हातात असते. त्यामुळे अशा प्रसंगांची जुनी छायाचित्रे आपण पुन्हा छापाल, तेव्हा निषेध करणाऱ्यांच्या मागण्या काय होत्या आणि त्यांपैकी किती पूर्ण झाल्या, याची एक चौकट सोबत द्यावी, ही विनंती. सुरुवात ब्रँडो यांच्या निवेदनाच्या सविस्तर परिचयाने करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक