बिनपिनेचं ब्लेड न धरणाऱ्या स्क्रोल सॉबद्दल तक्रार

दि. २४ एप्रिल २०२५
चिपळूण, जि. रत्नागिरी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १६ इंची स्क्रोल सॉ जाहिरातीत दिल्याप्रमाणे नसल्याबद्दल, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझ्या दि. १० मार्च, १९ मार्च आणि २२ मार्चच्या लेखी तक्रारी.

महोदय,

दि. २७ फेब्रुवारीला आपल्या कंपनीच्या वेबसाइटवरून मी १६ इंची स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वरखाली चालवून लाकडात नक्षी कापणारं यंत्र, मागवला. १७,४९० रुपये आगाऊ भरले. ६ मार्चला यंत्र घरी आलं आणि ८ मार्चपासून मी ते वापरायचा प्रयत्न करते आहे. तीन तक्रारी करून झाल्या. आलेली उत्तरं वाचून असं वाटलं, की माझं म्हणणं लाकूड कापलेल्या माणसापर्यंत पोचलेलंच नाही. म्हणून या वेळी सगळं नीट, सुरुवातीपासून लिहिते. कृपया हे पत्र आपल्या तांत्रिक विभागातल्या, यंत्र स्वतः चालवणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावं.

मी गेली अकरा वर्षं लाकडात जाळीकाम करते. सुरुवात हाताच्या फ्रेट सॉने (चौकटीत बारीक पातं ताणलेल्या करवतीने) केली, अजूनही बारीक काम त्यानेच करते. देव्हाऱ्याच्या जाळ्या, गणपतीच्या मखराच्या कमानी, दारावरच्या पट्ट्या अशी कामं असतात. या वर्षी घरचंच काम हाती घेतलं. राजापूर तालुक्यात माझ्या मामाचं जुनं कौलारू घर आहे. त्याच्या पडवीला वळचणीखाली सागवानी फळ्यांची झालर आहे. साधारण वीतभर रुंद आणि फूटभर उंच अशा उभ्या फळ्या एकीला एक लावून ठोकलेल्या, खालचं टोक निमुळतं, मध्ये कोरीव भोकं. निमुळत्या टोकामुळे पावसाचं पाणी लाकडात फारसं मुरत नाही, टोकावरून थेंबाथेंबाने खाली पडतं. ३१ फळ्यांपैकी २४ वाळवीने आणि पाण्याने गेल्या. त्या पावसाच्या आधी नव्या करून बसवायच्या होत्या, आणि तेवढ्यासाठीच मी यंत्र घेतलं.

या झालरीची गंमत दोन फळ्यांच्या सांध्यात आहे. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा बदाम कापलेला आहे. शेजारची फळी लागली की अर्धा अर्ध्याला मिळतो आणि पूर्ण बदाम उघडतो. दुपारी त्यातून ऊन आत येतं, तेव्हा पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बदामांची ओळ पडते. लहानपणी आम्ही पोरं त्या ओळीवरून उड्या मारत जायचो. फळी जरा तिरकी कापली गेली तर हा बदाम जुळत नाही, आणि तो जुळला नाही तर झालर करून काही अर्थ नाही. मापाचा एवढा आग्रह मी का धरते, हे कळावं म्हणून सांगितलं.

आता मुद्दा. आपल्या वेबसाइटवर या यंत्राखाली लिहिलं आहे की ते पिनवालं (टोकांना आडवी पिन असलेलं) आणि बिनपिनेचं (नुसत्या सपाट टोकांचं) अशी दोन्ही ब्लेड घेतं, आणि 'बारीक जाळीकामासाठी उत्तम' आहे. त्या ओळीवर विश्वास ठेवून मी खरेदी केली. खोक्यावरही तेच छापलेलं आहे. प्रत्यक्षात यंत्राच्या ब्लेड धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाहूंना फक्त पिन अडकवायची खाच आहे. बिनपिनेच्या ब्लेडसाठी दोन छोटे लोखंडी अ‍ॅडॉप्टर वेगळे दिले आहेत. ब्लेडच्या टोकाला ते ग्रब स्क्रूने (षटकोनी अ‍ॅलन कीने फिरवायच्या छोट्या स्क्रूने) आवळायचे आणि मग तो अ‍ॅडॉप्टर पिनेच्या खाचेत बसवायचा.

पिनवाल्या ब्लेडने काम का भागत नाही, हे आपल्या प्रतिनिधीने मला फोनवर दोनदा विचारलं. जाळीकामात आतलं भोक कापायचं तर आधी गिरमिटाने छिद्र पाडून ब्लेड त्यातून ओवावं लागतं. ब्लेडच्या टोकाला आडवी पिन असेल तर ती जाण्यासाठी निदान ५ मिमीचं छिद्र लागतं. बिनपिनेचं ५ नंबरचं ब्लेड दीड मिमीच्या छिद्रातून जातं. माझ्या नक्षीत पाकळीचं देठाकडचं टोक ३ मिमी रुंद आहे. तिथे ५ मिमीचं छिद्र पाडलं तर पाकळीच उरत नाही. शिवाय आपण सोबत दिलेली पिनवाली ब्लेड सुमारे पावणेतीन मिमी रुंद आहेत. एवढं रुंद पातं अरुंद वळणावर वळत नाही, लाकूड जाळतं. सागवानावर काळा डाग पडतो आणि तो पॉलिश पेपरने घासूनही पुरता जात नाही. म्हणजे पिनवाली ब्लेड सरळ आणि मोठ्या गोलाईच्या कामाला ठीक, जाळीकामाला नाही. 'बारीक जाळीकामासाठी' असं लिहिलंत, तेव्हाच बिनपिनेचं ब्लेड नीट धरण्याची जबाबदारी आपण घेतली.

आणि नेमकं तेच होत नाही.

८ मार्चला पहिलं ब्लेड लावलं. ताण दिला, बोटाने टिचकी मारली, आवाज स्वच्छ आला. यंत्र सुरू केलं, अर्धा मिनिट झालं नसेल, ब्लेड वरच्या अ‍ॅडॉप्टरमधून निसटलं. वरचा बाहू वरखाली चालूच, ब्लेडचं मोकळं टोक फळीत घुसलं, फळी उसळली आणि माझ्या डाव्या तर्जनीवर ओरखडा आला. डोळ्यांवर चष्मा होता, तेवढं बरं झालं. स्क्रू आणखी आवळला. ब्लेडच्या टोकावर तेल असेल म्हणून ते पॉलिश पेपरने घासलं, स्पिरिटने पुसलं. दुसऱ्यांदा पाचेक मिनिटं टिकलं. चौथ्या वेळी अ‍ॅलन की स्क्रूच्या डोक्यात गोल फिरायला लागली, आतला षटकोन झिजून गेला होता. आपल्या माणसाने 'जास्त आवळलं असेल' असं म्हटलं. कमी आवळलं तर निसटतं आणि जास्त आवळलं तर स्क्रू झिजतो, मग बरोबर किती आवळायचं ते माहितीपुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

हे निसटणं एक वेळ सुटलं असतं. बाजारातून चांगले स्क्रू आणून मी दोन दिवस चालवूनही पाहिलं. खरा दोष त्याहून खोल आहे. वरचा आणि खालचा अ‍ॅडॉप्टर एका उभ्या रेषेत बसत नाहीत. टेबलावर काटकोन तपासायचा गुण्या उभा धरून पाहिलं तर ब्लेड एका बाजूला कललेलं दिसतं. डोळ्यांवर विसंबून राहू नये म्हणून जुनी सोपी परीक्षा केली. एक जाड ठोकळा घेऊन त्याला समोरून जेमतेम २ मिमी खोल चीर दिली, यंत्र बंद केलं, ठोकळा टेबलावरच फिरवून ब्लेडच्या मागे आणला. ब्लेड सरळ असेल तर ते मागून त्याच चिरेत अलगद बसतं. इथे ते वरच्या बाजूला चिरेत आणि खालच्या बाजूला चिरेच्या बाहेर.

टेबल थोडं कलतं करून हे जुळवून घ्या, असा सल्ला आपल्या २ एप्रिलच्या उत्तरात आहे. तो मी आधीच करून पाहिला होता. अडचण ही, की ब्लेड काढून पुन्हा लावलं की अ‍ॅडॉप्टर दर वेळी वेगळ्या कोनात बसतो. मघाशी डावीकडे कललेलं ब्लेड आता उजवीकडे कलतं. आणि जाळीकामात ब्लेड दर भोकाला काढावंच लागतं. माझ्या एका फळीत ९ भोकं आहेत. दोन-दोन फळ्या एकावर एक बांधून कापल्या तरी २४ फळ्यांसाठी १०८ वेळा ब्लेड सोडून ओवायचं. दर भोकाला टेबलाचा कोन नव्याने लावायचा, हे शक्य नाही. नुसतं स्क्रू सोडणं, ओवणं, आवळणं यालाच आपल्या यंत्रावर ४ मिनिटं लागतात, म्हणजे ७ तासांहून जास्त वेळ फक्त अ‍ॅलन की फिरवण्यात. हाताने फिरवायची कळ असलेला साधा क्लॅम्प असता तर तेच काम अर्ध्या मिनिटात होतं. एका ओळखीच्या सुतारकाकांच्या जुन्या यंत्रावर मी ते स्वतः करून पाहिलं आहे.

नमुना म्हणून सागवानाच्या १२ मिमीच्या दोन फळ्या बांधून एक बदाम कापला. मग फळ्या वेगळ्या करून मोजल्या. वरच्या फळीतला बदाम मापात आला, खालच्या फळीतला जवळजवळ २ मिमी अरुंद. दोन्ही फळ्या मामाच्या पडवीत जुन्या फळीशेजारी धरून पाहिल्या. बदामाच्या मध्यावर पायरी पडलेली लांबूनही दिसत होती. मामा काही बोलला नाही, फक्त फळी हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. त्या दोन्ही फळ्या या पत्रासोबत पाठवत आहे, कलण्याची बाजू पेन्सिलने खुणावली आहे.

जे चांगलं आहे तेही सांगते. मोटर शांत आहे, वेग मिनिटाला ४०० ते १६०० पर्यंत सहज कमीजास्त होतो, टेबल सपाट आहे. भुसा उडवायच्या फुंकणीची नळी आखूड आहे, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता आपल्या वागणुकीबद्दल. यंत्र आल्यापासून ७ दिवसांत परत करता येईल असं आपलं धोरण आहे. मी चौथ्या दिवशी, १० मार्चला तक्रार केली. १३ मार्चला 'तंत्रज्ञ फोन करतील' असं उत्तर आलं. फोन १८ तारखेला आला आणि त्याच फोनवर सांगितलं गेलं की परतीची मुदत संपली. मुदतीच्या आत केलेली तक्रार आपण मुदत उलटेपर्यंत ठेवून घेतली, याचं मला फार वाईट वाटलं. १९ मार्चच्या तक्रारीवर 'ब्लेड हा झीज होणारा भाग असल्याने वॉरंटीत येत नाही' असं उत्तर मिळालं. मी ब्लेडच्या झिजेबद्दल एक शब्दही लिहिला नव्हता. २२ मार्चला व्हिडिओ पाठवला, त्यात गुण्या आणि ठोकळ्याची परीक्षा दोन्ही स्पष्ट दिसतात. त्यावर 'उत्पादन तपशिलानुसार आहे' असं उत्तर आलं. तपशील आपणच लिहिला आहे, आणि यंत्र त्याप्रमाणे नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि एका महिन्यात तिचं निवारण करणं आपल्यावर बंधनकारक आहे. पहिल्या तक्रारीला दीड महिना होत आला. यंत्रात नसलेला गुण जाहिरातीत सांगणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल ठरते. मला भांडण नको आहे. पण हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत निर्णय कळला नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

माझी मागणी अशी, की १७,४९० रुपये पूर्ण परत करावेत आणि यंत्र आपल्या खर्चाने घेऊन जावं. बदली यंत्र नको, कारण रचना तीच असेल तर दोषही तोच येईल. मात्र दोन्ही टोकांना बिनपिनेचं ब्लेड थेट धरणारा, हाताने आवळायचा क्लॅम्प आपण या मॉडेलसाठी बनवत असाल आणि तो १५ दिवसांत पाठवून, बसवून, ठोकळ्याच्या परीक्षेत यंत्र उतरलेलं दाखवत असाल, तर मी यंत्र ठेवून घेईन. मोटर खरंच चांगली आहे. आणि काहीही ठरलं तरी वेबसाइटवरचं 'बारीक जाळीकामासाठी उत्तम' हे काढून तिथे 'पिनवाल्या ब्लेडसाठी' असं स्पष्ट लिहावं. माझ्यासारखं हाताच्या फ्रेट सॉवर वर्षानुवर्षं काम करून, पैसे साठवून पहिलं यंत्र घेणारं माणूस त्या एका ओळीवर भरवसा ठेवतं.

पावसाला जेमतेम सहा आठवडे उरलेत. २४ पैकी पाच फळ्या मी हाताने कापून पूर्ण केल्या आहेत, उरलेल्याही तशाच करणार आहे. यंत्र मूळ खोक्यात, अ‍ॅडॉप्टर, झिजलेला स्क्रू आणि न वापरलेल्या ब्लेडच्या पाकिटासह बांधून ठेवलं आहे. ते न्यायला माणूस पाठवायच्या आदल्या दिवशी फोन करावा. मंगळवार आणि शनिवारी मी राजापूरला असते, घरी कुणी नसतं.

आपली,
(नाव, पत्ता व फोन क्रमांक ऑर्डरवर नोंदवल्याप्रमाणे)

सोबत : बिलाची प्रत, तिन्ही तक्रारी व आलेली उत्तरं, वेबसाइटच्या पानाचा आणि खोक्याचा फोटो, सागवानाच्या दोन नमुना फळ्या.