इराला आधी वडा-ब्रेड खाऊ दे

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय माधुरी,

इराला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, वाचून फार आनंद झाला. होस्टेलचं, फीचं सगळं तू बघितलंच आहेस. पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्यावरच मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. पोरगी तिखट खात नाही, मेसचं आवडलं नाही की सँडविचवर दिवस काढते, तिकडे चांगलं सँडविच मिळतं का? मिळतं गं, भरपूर मिळतं. पण ‘सँडविच’ अशी पाटी लावलेल्या गाड्यांवरच ती थांबली, तर कोल्हापूरचं खरं ब्रेडचं खाणं तिच्या हातून निसटेल.

अगं, हे गाव स्लाइस ब्रेडचं आहे. आपल्या नाशिकला मिसळ म्हटलं की पाव, वडा म्हटलं की पाव. इथे दोन्हीला ब्रेड. जाड कापलेल्या, मऊ, पांढऱ्या स्लाइस. नुसत्या खाल्ल्या तर त्यांना स्वतःची अशी काही चव नाही, आणि तोच त्यांचा गुण. पावाला थोडा गोडवा असतो, वरची तपकिरी साल असते. तो आपलं काहीतरी बोलतोच. ही स्लाइस गप्प राहते आणि आतल्या पदार्थाला बोलू देते.

म्हणून आल्या आल्या मी तिला वडा-ब्रेड खायला घालणार आहे. माझ्या मते कोल्हापूरचं पहिलं सँडविच तेच. इथला वडा चांगला मोठा. आत बटाटा अगदी लगदा न करता जाडसर कुस्करलेला, त्याला आलं, लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा. दोन स्लाइसच्या मध्ये वडा ठेवून तळहाताने दाबायचा. बेसनाचं कवच फुटतं, आतली वाफ ब्रेडमध्ये शिरते आणि स्लाइस आतून ओलसर, बाहेरून कोरडी राहते. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची. ती इराने बाजूला ठेवली तरी चालेल. मात्र वडा घाण्यातून आत्ता उतरलेलाच हवा. परातीत गार होत पडलेले दिसले तर तिने सरळ सांगावं, पुढचा घाणा निघू दे, थांबते मी. कुणी रागावत नाही. चांगलं खाण्यासाठी थांबणाऱ्या माणसाला इथे मान असतो.

वडा-ब्रेडची सवय झाली की मग मिसळ. तिखटाच्या नावाने तिने घाबरून जाऊ नये. कटाचा लाल रंग दिसतो तेवढा तो जिभेला लागत नाही. त्यात खोबरं, तीळ, कांदा-लसूण भाजून वाटलेला असतो. उद्यमनगरात फडतरे मिसळ आहे, कसबा बावड्यात बावडा मिसळ. दोन्हीकडे सकाळीच जावं. उद्यमनगर म्हणजे सगळं लेथ, फाउंड्री, सुट्या भागांचे कारखाने. तिथे कामावर जायच्या आधी पोटभर खाणाऱ्यांची मिसळ आहे ही, म्हणून ती अशी भरगच्च. मटकी, बटाट्याची भाजी, शेव-चिवडा, कांदा. इराने कट वेगळा मागावा आणि सोबत दही घ्यावं. स्लाइसचं टोक अर्ध्यापर्यंतच बुडवायचं आणि लगेच तोंडात. पूर्ण बुडवली की स्लाइस वाटीतच विरघळते.

आता तिच्या ओळखीचं सँडविच. विद्यापीठापासून राजारामपुरी जवळ आहे, तिथे संध्याकाळी गाड्या लागतात. शिवाय खासबागची खाऊ गल्ली, शाहू महाराजांनी बांधलेल्या कुस्तीच्या मैदानाला लागूनच. मैदान १९१२ सालचं. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. २०२४च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली, तेव्हा सगळं गाव हळहळलं. अजूनही तिथून जाताना जीव गलबलतो. तिथली राजाभाऊंची भेळ सगळ्यांना ठाऊक असते, ती इराने खावीच. पण सँडविचची गाडी निवडताना कुणाचं नाव नको, हात बघायचे. स्लाइसच्या अगदी कडेपर्यंत लोणी लावतो का? लोण्याचा थर नीट असेल तर चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. बटाटा उकडून पूर्ण गार झाल्यावर कापलाय का? गरम बटाट्याच्या चकत्या होत नाहीत, भुगा होतो. काकडी-टोमॅटोवर मसाला अगदी शेवटी टाकतो का? मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं. आणि चटणी हिरवीगार आहे का, की सकाळची काळपट पडलेली? एवढं जिथे जमतं तिथलं साधं, न भाजलेलं सँडविचसुद्धा सुरेख लागतं.

टोस्ट घ्यायचं तर लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात, आचेवर उलटसुलट करून भाजलेलं घ्यावं. विजेच्या ग्रिलमध्ये ते चपटं होतं आणि सगळीकडे सारखंच कडक. साच्यातल्याच्या कडा कुरकुरीत होतात, मधला बटाट्याचा मसाला मऊ राहतो. चीज किसून वर डोंगर करतात ते मला अजिबात पटत नाही. त्याखाली ना चटणी कळते ना बीट.

इरा अंडं खाते ना? मग संध्याकाळच्या बुर्जीच्या गाडीवर ऑम्लेट-ब्रेड. तव्यावर अंडं ओलं असतानाच त्यावर दोन स्लाइस टाकतात, उलटतात आणि घडी घालतात. त्यात कांदा-लसूण चटणी चिमूटभरच घाला, असं सांगायचं. ही चटणी म्हणजे इथल्या घराघरातला वर्षाचा साठा. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची वाळवून, मसाले भाजून डंकावर कुटून आणतात. प्रत्येक घरची चव वेगळी, आणि प्रत्येकीला आपलीच बरोबर वाटते.

माझ्या घरची चटणी तुझ्या लेकीला लोण्यात कालवून देईन. स्लाइसला लोणी-चटणी, वर काकडी आणि जाडसर दाण्याचा कूट. आमच्या घरातली मुलं शाळेच्या डब्यात हेच नेत. लोणी पुढे ठेवलं की तिखट अंगावर येत नाही. आणि मटण खात असेल तर एक पदार्थ तिला कुठल्याच हॉटेलात मागून मिळणार नाही: आदल्या रात्रीचं सुकं मटण, सकाळी तव्यावर परतून, हाडं काढून दोन स्लाइसच्या मध्ये. तांबडा-पांढरा रश्श्याचं जेवण झाल्यावर उरलेल्या मटणाचं सासूबाई हे करून द्यायच्या. मसाला ब्रेडला असा लागतो की बोटं चाटावी लागतात. त्या गेल्यापासून मीच करते, आणि अगदी त्यांच्यासारखं जमवायचा जीव तोडून प्रयत्न करते.

एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात उघड्यावरची चिरलेली काकडी आणि कोबी तिने टाळावा. तेवढे दिवस वडा, ऑम्लेट, टोस्ट, म्हणजे समोर गरम केलेलंच.

सामान लावून झालं की तिला पहिल्याच रविवारी घरी पाठव. केएमटीची बस कुठून घ्यायची, कुठे उतरायचं ते मी तिला फोनवर सांगेन. आणि तू सोडायला येणार असशील तर दोन दिवस राहायच्या बेताने ये. वडा-ब्रेड खायला मला तूही सोबत हवी आहेस. येताना नाशिकचा कोंडाजी चिवडा आण.

तुझी,
शैला