पीछे से कहाँ के हो?

सांगली, 22 नोव्हेंबर

चि. सई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की दिल्लीतली माणसं तुसडी आहेत. महिना होत आला तरी घरमालकीण आंटी आणि कोपऱ्यावरचा दूधवाला सोडून कुणाशी ओळख नाही, आणि जो भेटतो तो आधी नोकरी विचारतो. त्यावर आम्ही दोघं ‘होईल सगळं नीट’ एवढंच म्हणालो. ते काही उत्तर नव्हे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

दिल्लीकर हिशेबी असतो हे खरंच आहे. पण तुझा त्याच्या कामाला किंवा त्याचा तुझ्या कामाला उपयोग होण्यासारखा असेल तेवढ्यापुरताच त्याचा हिशेब चालतो. उपयोगाचा प्रश्नच नसेल तिथे हाच माणूस तिसरा पराठा वाढल्याशिवाय पानावरून उठू देत नाही. तू महिनाभर पहिल्या प्रकारच्या जागांमध्येच फिरते आहेस: ऑफिस, मंत्रालयांचे कॉरिडॉर, चर्चासत्रं. संसदेच्या कामावर संशोधन करणाऱ्या मुलीला दुसरं काय दिसणार!

‘आप कहाँ बैठते हैं?’ हा प्रश्न तुला खटकला. तो चौकशीचा नाही, खुर्चीचा प्रश्न आहे: कुठल्या भवनात, कुठल्या खात्यात, कुणाच्या हाताखाली. राजधानी कलकत्त्याहून हलवण्याची घोषणा 12 डिसेंबर 1911 ला झाली आणि नव्या दिल्लीचं उद्घाटन 1931 च्या फेब्रुवारीत. तो भाग आखलाच कचेऱ्या आणि बंगल्यांसाठी, आणि बंगला केवढा ते हुद्द्यावर ठरलं. आजही सरकारी घर ‘टाइप फोर’, ‘टाइप फाइव्ह’ असं वेतनश्रेणीप्रमाणे मिळतं. पत्ता सांगितला की हुद्दा कळतो, अशा गावात माणसं ते विचारणारच. आपल्याकडे आडनाव आणि गाव विचारून मनातल्या मनात काय काय जुळवतात ते तुला ठाऊक आहे. त्यापेक्षा खुर्ची विचारलेली बरी.

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं. संस्थेचं नाव, विषय, संपलं. ‘अमक्या खासदारांसोबत काम करते’ हे शेपूट पहिल्या भेटीत लावू नकोस, कारण मग ओळख तुझ्याशी न होता त्या खासदारांशी होते, आणि तू ते काम सोडलंस की तीही संपते. उत्तर दिल्यावर लगेच उलट विचार: ‘पीछे से कहाँ के हैं आप?’, म्हणजे मूळचे कुठले. अगदी याच शब्दांत. दिल्लीत प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे आणि हे सांगायला त्याला कुणी विचारतच नाही. लाजपतनगर फाळणीनंतर निर्वासितांना वसवायला उभं केलं. तिथल्या जुन्या घरांत मुलतान, झंग, डेरा गाझी खान अशी पाकिस्तानात राहिलेल्या गावांची नावं निघतील. ऑफिसात पौडी-अल्मोडा, दरभंगा, गोरखपूर. तुझ्या आंटींना हा प्रश्न विचार आणि तासभर मोकळा ठेव.

आता तुझ्या हिंदीबद्दल, कारण निम्मा घोळ तिथे आहे. आपलं ‘तू’ आईला आणि देवाला चालतं. दिल्लीत ‘तू’ एकतर लंगोटीयाराला किंवा भांडणात. मुंबईच्या सवयीने ‘तेरेको बोला ना’ निघालं की समोरचा गप्प होतो आणि तुला वाटतं तो तुसडा आहे. सरसकट ‘आप’, नावामागे ‘जी’. ‘तुम’वर यायचं ते समोरचा आल्यावर. रिक्षावाला, पहारेकरी, भाजीवाला हे सगळे ‘भैया’. भांडी घासायला येते ती ‘दीदी’. तिला ‘बाई’ म्हणू नकोस, आपल्याकडे शिक्षिकेलाही बाई म्हणतात हे तिला ठाऊक नसतं, तिच्या कानाला तो शब्द हलका लागतो. आणि नकार देताना आपलं सांगली पद्धतीचं सरळ ‘नहीं’ तिथे थोबाडीत मारल्यासारखं वाटतं. ‘देखते हैं जी’ म्हणायचं. त्यांनी ‘देखते हैं’ म्हटलं की तोही नकारच समजायचा.

‘कभी घर आओ’ याचाही असाच अर्थ लावावा लागतो. ते आमंत्रण नाही, तो नमस्कार आहे. खऱ्या आमंत्रणाला वार आणि वेळ असते. पारखायचं असेल तर हसत विचार, ‘इतवार को पाँच बजे आ जाऊँ?’ त्याने ‘पाँच नहीं, छह बजे आना’ म्हटलं तर जा. ‘फोन करते हैं’ म्हटलं तर विषय तिथेच सोड आणि मनाला लावून घेऊ नकोस. रात्रीच्या जेवणाला आठला बोलावलं तर पान मांडायला साडेदहा होतात. तोवर टिक्की, पनीर, शेंगदाणे यांवरच पोट भरतं, आणि मग जेवली नाहीस म्हणून यजमानीण रुसते. स्टार्टरला आखडता हात घे. शेवटची मेट्रो अकराच्या आसपास असते, तेव्हा परतीची सोय आधी बघून ठेव.

मंत्रालयातली दोन माणसं फोन उचलत नाहीत असंही तू म्हणालीस, त्यांच्याबद्दल. हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे. लोकसभेत बैठकीच्या एका दिवसासाठी 20 तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न घेतात, राज्यसभेत 15 आणि 160. प्रश्नाची नोटीस साधारण पंधरा दिवस आधी येते, आणि प्रत्येक मंत्रालयाचे उत्तराचे वार ठरलेले असतात. लेखी उत्तर तर हवंच, शिवाय मंत्र्यांना पूरक प्रश्न आला तर काय म्हणायचं याचं वेगळं टिपण. ते खालून वर, सही-सहीने चढतं, आणि एका आकड्यावर शंका निघाली की परत खाली येतं. लोकसभेचा प्रश्नकाळ अकराला, राज्यसभेचा बाराला. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या शाखेतल्या माणसाला फोन करणं म्हणजे पंगत बसलेली असताना आचाऱ्याला पाककृती विचारणं. तेव्हा तू काय कर, त्या मंत्रालयाचा वार बघ, तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी फोन कर. आधी दोन ओळींचा मेसेज: नाव, कुणाच्या सांगण्यावरून, काय हवंय, किती मिनिटं. अर्थ मंत्रालयातली माणसं मात्र 1 फेब्रुवारीचा अर्थसंकल्प होईतो विसरूनच जा.

शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांचं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांचं आणि ठरावांचं, कामकाज असतं, आणि खासदार मतदारसंघाच्या विमानाकडे डोळे लावून बसलेले असतात. त्यांच्या कार्यालयातल्या माणसांना तेव्हा जरा श्वास मिळतो. चहा विचारायचा तर तेव्हा.

दिल्लीत माणसं जीव लावायला कचरतात, त्यामागे बदल्याही आहेत. राज्यांतून केंद्रात येणारा उपसचिव साधारण चार वर्षांसाठी येतो, संचालक आणि सहसचिव पाचसाठी. मग आपापल्या राज्यात परत. शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून घरं बहुतेक मार्च ते जूनमध्ये हलतात. शेजार किती वर्षांचा आहे हे दोघांनाही आधीच माहीत असतं. निवडणुकीनंतर खासदारांची कार्यालयं तर एका महिन्यात ओस पडतात आणि दुसऱ्याच माणसांनी भरतात. जी मंडळी दर पाच वर्षांनी असे निरोप घेतात ती सावकाश जवळ येतात, त्यात नवल नाही. उलट जो पहिल्याच भेटीत ‘कोई भी काम हो, बेझिझक बोलना’ म्हणतो त्याच्यापासून जरा लांब राहा.

सरकारी वसाहतीत कुणाकडे गेलीस तर महागडी भेटवस्तू नेऊ नकोस. सरकारी नोकराने काय घ्यावं, केव्हा कळवावं याचे आचार नियम आहेत, आणि संसदेशी संबंधित काम करणाऱ्या मुलीने आणलेला सुक्या मेव्याचा बॉक्स बघून भला अधिकारी आखडतो. तुला वाटेल हा कोरडा आहे. तो बिचारा नियम आठवत असतो. घरचा चिवडा, चकली यांना कुणी नाही म्हणत नाही.

खरा तुसडेपणाही आहे, तो लपवत नाही. तो बघायचा तर गाडी कुठे लावायची या प्रश्नावर बघ. तुमच्याकडे चार मजल्यांचे बिल्डर फ्लोअर, म्हणजे मजल्यागणिक वेगळं घर, आहेत, गल्ली मात्र जुन्या छोट्या प्लॉटांची. प्रत्येक मजल्याला दोन गाड्या. ‘जानता नहीं मैं कौन हूँ’ हे वाक्य तिथे ऐकायला मिळेल. तू त्यात पडू नकोस. दुसरं भांडण पाण्याचं. पाणी ठरावीक वेळी येतं, मोटर लावून वरच्या टाकीत चढवावं लागतं, आणि एकाची टाकी वाहू लागली की खालच्याच्या भिंतीला ओल धरते. तुमच्या मजल्याची मोटर कुठली, ती बंद कोण करतं, हे आंटींना विचारून घे आणि एक-दोनदा आपणहून बंद कर. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुझं नाव चांगलं व्हायला एवढं पुरतं. कॉलनीची कुठली फाटकं रात्री बंद होतात आणि कुठलं उघडं राहतं हेही पहारेकऱ्याला विचार. माहिती मिळते आणि तो तुला ओळखू लागतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या जागा, जिथे खुर्ची कुणी विचारत नाही.

दुपारी वेळ मिळाला तर आंध्र भवनात जेव. कूपन काढायचं, रांगेत थांबायचं, रिकामी होईल ती खुर्ची धरायची. टेबल अनोळखी लोकांबरोबरच वाटून घ्यावं लागतं, वाढपी भात-सांबार घेऊन फिरत असतो, आणि ‘वो पोडी इधर देना’ (पोडी म्हणजे कोरडी चटणी) म्हणता म्हणता बोलणं सुरू होतं. तिथे सचिव आणि शिपाई एकाच घाईत जेवतात. मंडी हाउसला संध्याकाळी जा. कमानी, श्रीराम सेंटर, त्रिवेणी, सगळं चालत जाण्यासारखं. नाटक संपल्यावर चहाच्या टपरीवर उभं राहायचं आणि नाटकाला नावं ठेवायची. नावं ठेवण्यावरून जमलेली मैत्री टिकते, असं आमचं निरीक्षण.

मेट्रोत पहिला डबा बायकांचा. व्हायोलेट लाइनला तू रोज तीच गाडी, तेच दार धर. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडं ओळखीची होतात. आणि थंडी हा तर ओळखीचाच हंगाम. सरकारी जेवणाची सुट्टी एक ते दीड, आणि हवा बरी असली की भवनांभोवतीच्या हिरवळीवर माणसं उन्हात पाय पसरून शेंगा आणि किन्नू संत्री सोलत बसतात. शकरकंदीची गाडी शोध. आपण उपासाला खातो तेच रताळं, निखाऱ्याच्या धगीवर भाजून ढीग लावलेलं. तो साल काढून चकत्या करतो, काळं मीठ, मसाला, वर लिंबू, आणि कमरखच्या चांदणीसारख्या आंबट फोडी. दोना हातात आला की काडी दोन मागायच्या आणि एक शेजारी उभ्या असलेल्या मुलीपुढे धरायची. हवा खराब असेल त्या दिवशी मात्र यातलं काही करू नकोस, मास्क लाव आणि घरात बस. नोव्हेंबरमध्ये बागा ओस दिसतात त्याचं कारण माणसं नव्हेत, धूर आहे.

आपली माणसंही आहेत. करोल बागेत आणि चांदनी चौकाकडच्या कूचा महाजनीत विट्या-आटपाडीकडचे गलाईवाले पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळतात. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात झुणका-भाकरी खाऊन ये, पण दर रविवारी नको. तिथे गेलीस की आपण सगळे मिळून दिल्लीला शिव्या देतो, आणि दिल्ली तशीच राहते.

कुरिअरने दोन स्टीलचे डबे पाठवतोय. मोठा तुझा, पातळ पोह्यांचा चिवडा. छोट्यात बेसनाचे आठ लाडू आहेत, ते आंटींचे. प्लास्टिकच्या डब्यात काढून देऊ नकोस, स्टीलचाच दे, आणि ‘डब्बा आराम से लौटाना’ म्हण. दिल्लीतही डबा रिकामा परत करत नाहीत. काय भरून आला ते कळव.

तुझे,
आई-बाबा