चिऊच्या ताब्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

समोर बसून हे बोलायला गेलो की बाबा पेपर उघडतात आणि आईला गॅसवरचं काहीतरी आठवतं. म्हणून लिहितोय.

चिऊच्या ताब्यासाठी मी भांडणार नाही. संमतीने घटस्फोटाच्या अर्जावर सही झाली, आता साधारण सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टापुढे उभं राहायचं. चिऊ तिच्या आईकडे राहील. तिच्या शाळेजवळ, कर्वेनगरला, मी वन बीएचके भाड्याने घेतलाय.

बाबा, 'लढलाच नाहीस' म्हणाल. पण ती चारची आहे. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच, हे 1956 च्या कायद्यातच आहे. आणि दावा रखडेपर्यंत मला काय मिळणार? शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात बाप पाहिलेत मी. हातात कॅडबरी, डोळे घड्याळावर, पोर आईच्या ओढणीमागे. मला तिला रोज शाळेत सोडायचंय. मंगळवार-गुरुवार तिचं जेवण, आंघोळ, रडारड माझ्याकडे, आणि ताप आला तर जागरणही. हे सगळं अटींमध्ये लिहून घेतलंय. कोर्ट भेटीच्या वेळा ठरवून देईल, पण रात्री ताप आल्यावर फोन तिच्या आईनेच करायचाय. तिच्याशी वैर घेऊन कसं चालेल? पुढे गरज पडली तर आदेश बदलून मागता येतो, वकिलांना दोनदा विचारलंय.

तुमचंही लिहिलंय. पहिला-तिसरा शनिवार सदाशिव पेठेत मुक्काम. आपला दीड दिवसाचा गणपती पूर्ण तिकडे. दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी.

मी घर सोडून गेलो असं मनात आणू नका, बसने अर्ध्या तासावर तर आहे. खालीच पोळी-भाजी केंद्र आहे, खायचे हाल नाहीत. आमटी मात्र तुझीच हं आई, डबा भरून दे. बाबा, तुम्ही सेकंड शिफ्टवरून यायचात तेव्हा अर्धवट झोपेत मी स्कूटरचा आवाज ओळखायचो आणि मगच गाढ झोपायचो. तुम्हाला हे कधी सांगितलंच नव्हतं.

आता ऐका. चिऊला 'तिकडे काय चालतं' विचारायचं नाही. आत्यालाही बजावा. तिच्या आईबद्दल तिच्यासमोर एक वाकडा शब्द नको. आई, संक्रांतीला तिला फोन कर, येवो न येवो. बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची नाही. बेसिनखालचा नळ मी बघेन, बाबांनी वाकायचं नाही.

शनिवारी आम्ही दोघं येतोय. साबुदाण्याची खिचडी कर, तिच्यासाठी बिनमिरचीची.

तुमचा,
बाळू