व्यस्तता हे यशाचे मोजमाप नव्हे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

यशस्वी माणसांच्या मुलाखती आणि परिचयलेख आपल्या दैनिकात नियमाने प्रसिद्ध होतात आणि मी ते आवडीने वाचते. या लेखनात एक तपशील जवळजवळ हटकून आढळतो: ती व्यक्ती दिवसाचे किती तास काम करते, किती थोडी झोपते आणि तिने कित्येक वर्षांत सुट्टी कशी घेतलेली नाही. हा तपशील गौरवाच्या सुरात येतो. यश हे या धावपळीचेच फळ आहे आणि ज्याच्यापाशी मोकळा वेळ आहे तो मागे पडलेला आहे, अशी समजूत वाचणाऱ्या तरुणांच्या मनात त्यातून घट्ट होत जाते. ती तपासून पाहावी आणि निदान छापील मजकुरातून तिला खतपाणी मिळू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही समजूत काही फार जुनी नाही. 1899 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी धनिक वर्गाचे विवेचन केले, तेव्हा पोटासाठी राबावे न लागणे हीच त्या वर्गाच्या प्रतिष्ठेची खूण होती. 1930 मध्ये ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी असा अंदाज वर्तवला होता की 100 वर्षांनी माणसाला आठवड्याला 15 तास काम पुरेल आणि त्याच्यापुढे खरा प्रश्न उरेल तो मिळालेला वेळ चांगल्या रीतीने कसा घालवावा, हा. प्रगत देशांची संपत्ती वाढेल हा त्यांचा होरा खरा ठरला. तासांचा अंदाज मात्र साफ चुकला. पुढे 2017 मध्ये सिल्व्हिया बेलेझा, नीरू पहारिया आणि अनत केनन या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत अमेरिकी सहभागींनी सतत कामात बुडालेल्या माणसाला निवांत माणसापेक्षा वरच्या दर्जाचे ठरवले, तर इटलीतील सहभागींचा कौल नेमका उलटा पडला. त्यामुळे व्यस्ततेची प्रतिष्ठा हा काही सृष्टीचा नियम नव्हे. ती काळागणिक आणि समाजागणिक बदलणारी धारणा आहे.

ती आजच इतकी का बळावली असावी, याचे एक कारण मला कामाच्या स्वरूपातच दिसते. विणकराचे कापड आणि सुताराची खुर्ची पाहताच काम किती झाले आणि कसे झाले हे कळते. आज कार्यालयांतून चालणाऱ्या बहुतेक कामाचे फळ असे डोळ्यांपुढे ठेवता येत नाही. एखादा निर्णय योग्य होता की नव्हता हे कळायला वर्षे जातात. अशा वेळी जे सहज दिसते तेच मोजले जाते: कोण उशिरापर्यंत थांबला, कोणाचे उत्तर मध्यरात्रीही आले, कोणाच्या बैठका लागोपाठ लागलेल्या असतात. एकदा हेच मोजमाप ठरले की शहाणी माणसेही काम उत्तम करण्याऐवजी कामात असल्याचे दाखवू लागतात, आणि हळूहळू या दोहोंतला फरक त्यांनाही जाणवेनासा होतो.

जिथे फळ मोजता येत होते तिथले पुरावे मात्र पाहण्यासारखे आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगार, त्यांतही मोठ्या संख्येने स्त्रिया, आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होत्या. युद्धाची निकड होती आणि जास्त तास म्हणजे जास्त माल असेच सर्वांना वाटत होते. तरीही 1915 मध्ये सरकारने या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्यासाठी तास आणि उत्पादन यांच्या नोंदी गोळा झाल्या. जॉन पेन्कॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने सुमारे 100 वर्षांनी त्या नोंदींचे नव्याने विश्लेषण केले. आठवड्याला साधारण 49 तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होते. त्यापुढे प्रत्येक वाढीव तासाची भर घटत गेली, आणि 70 तास काम केलेल्या आठवड्याचे उत्पादन 56 तासांच्या आठवड्याहून फारसे वेगळे नव्हते. वरचे 14 तास त्या बायांनी जवळजवळ व्यर्थ झिजवले. आठवड्यात विश्रांतीचा एक दिवस मिळाला नाही तर पूर्ण आठवड्याच्याच उत्पादनाला फटका बसतो, असेही त्या नोंदींतून निघाले. त्याआधी 1900 मध्ये जर्मनीतील झाइस या सूक्ष्मदर्शक व भिंगे बनवणाऱ्या कारखान्यात तिथले प्रमुख एर्न्स्ट आबे यांनी कामाचा दिवस 9 तासांवरून 8 तासांवर आणला होता आणि तरीही उत्पादन घटले नव्हते. 1926 मध्ये हेन्री फोर्ड यांनी आपल्या कारखान्यांत 5 दिवसांचा आठवडा लागू केला, तोही दानधर्म म्हणून नव्हे. जमिनीला मशागत लागते तशी विश्रांतीही लागते, हे नफ्यातोट्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या या माणसांना उमगले होते.

हे हातांच्या कामाबद्दल झाले. बुद्धीच्या कामात घाईचा तोटा मला अधिकच खोल वाटतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे लक्ष काही काळ पहिल्या कामातच रेंगाळते आणि दुसरे काम त्या प्रमाणात खालावते. ज्याचा दिवस दहा मिनिटांच्या तुकड्यांत चिरलेला आहे, त्याचे कोणत्याच कामात पूर्ण चित्त नसते, मग तो कितीही तत्पर दिसो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वोत्तम विद्यार्थी रियाज पुष्कळ करत होते यात शंका नाही; परंतु तो मर्यादित वेळेच्या एकाग्र बैठकांत करत होते, आणि सर्वांत मागे असलेल्या गटापेक्षा झोपही जास्त घेत होते. या अभ्यासातील रियाजाचे तास सर्वत्र उद्धृत होतात, झोपेचे क्वचितच होतात, ही निवड आपल्या मनोवृत्तीविषयी बरेच काही सांगते. थोर गणितज्ञ आंरी प्वांकारे दिवसातून सुमारे 4 तासच नेटाने गणित करत, आणि एका अवघड प्रश्नाची उकल आपल्याला सहलीला निघताना, गाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी कशी सुचली हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

यावर कोणी म्हणेल की कर्तबगार माणसांपैकी कित्येकांनी खरोखरच रात्रीचा दिवस केला होता. केला होता, हे मान्य आहे. परंतु तितकेच तास घालवूनही ज्यांच्या हाती काही लागले नाही त्यांची मुलाखत कोणी घेत नाही, आणि त्यांची संख्या नजरेआड ठेवून काढलेला निष्कर्ष ग्राह्य कसा मानावा? शिवाय कष्ट आणि व्यस्तता यांची गल्लत होऊ नये. एखाद्या कामात जीव ओतून वर्षानुवर्षे झटणे ही आदराचीच गोष्ट आहे. माझा आक्षेप आहे तो भरगच्च दिनक्रमालाच कर्तृत्व समजण्यावर.

या समजुतीतला सर्वांत मोठा अन्याय मात्र वेगळाच आहे आणि त्याची चर्चा फार थोडी होते. व्यस्तता हीच यशाची खूण असती तर दोन ठिकाणी पाळ्या करून संसार ओढणारा मजूर, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, मुले व आजारी माणसे यांच्यामागे धावणारी गृहिणी यांना समाजाने सर्वाधिक यशस्वी मानले असते. त्यांना तसे कोणी मानत नाही. त्यांच्या तासांना प्रतिष्ठा नाही, कित्येकदा मोलही नाही. म्हणजे गौरव धावपळीचा होत नसून आधीच पैसा आणि पद मिळालेल्याच्या धावपळीचा होतो. इतकेच नव्हे, तर ज्या कार्यमग्न पुरुषाचे आपण कौतुक करतो त्याचे ते तास पुष्कळदा घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी न मोजलेल्या तासांवर उभे असतात. ‘जरा सावकाश जगा’ हा उपदेश या मजुराला किंवा गृहिणीला करणे क्रूरपणाचे होईल; त्यांना उपदेश नव्हे, पुरेसे वेतन आणि कामाची वाटणी हवी आहे. ज्यांच्या हाती इतरांचे वेळापत्रक आहे त्यांनी आधी थांबून विचार करायला हवा.

कारण याची किंमत शरीराने मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे 35 टक्क्यांनी आणि रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू ओढवण्याचा धोका 17 टक्क्यांनी अधिक असतो. एकट्या 2016 या वर्षी दीर्घ कामाच्या तासांशी जोडलेले असे सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला फ्रान्सने 2017 पासून कायद्यात स्थान दिले, ते अशाच चिंतेतून. परंतु कायदा कितीही चांगला असला, तरी जिथे रात्रीच्या संदेशाला तत्काळ उत्तर देणारा बढतीस पात्र ठरतो तिथे तो हक्क बजावण्याचे धाडस फार थोडे लोक करतील.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. यापुढे एखाद्या यशस्वी व्यक्तीचा परिचय छापताना ती किती तास काम करते याऐवजी तिच्या हातून नेमके काय घडले, ते घडण्यासाठी तिने कोणत्या कामांना नकार दिला आणि तिच्या घरची जबाबदारी त्या काळात कोणी सांभाळली, हे प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी आवर्जून विचारावेत. ज्या उद्योजकांनी किंवा संस्थाप्रमुखांनी आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास कमी केले, त्यांचे अनुभव, फसलेले प्रयोगही धरून, सविस्तर प्रसिद्ध करावेत. कमी झोपेचा उल्लेख करायचाच असेल तर तो कौतुकाच्या चौकटीतून वगळून आरोग्याच्या पानावर करावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक