बाक निन्हहून पत्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडं खरंच एवढी भरभराट आहे का रे?" मी शिफ्टच्या गडबडीत 'हो' म्हणून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

भरभराट खरी आहे. बाक निन्ह हा व्हिएतनामचा प्रांत, राजधानी हानोईला अगदी लागून. २००९ साली इथं सॅमसंगचे मोबाइल बनायला लागले आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने मागोमाग आले. आमचा त्यातलाच एक. भातखाचरं अजून आहेत, पण कारखान्यांच्या कुंपणांमध्ये सापडलेली. हिवाळ्यात हवा इतकी धुरकट होते की घसा धरतो. मी तशी कुरकुर केली की घरमालकीणबाई मला गप्प करतात. १९८६ मध्ये 'दोई मोई' धोरण येऊन व्यापार-उदीम खुला झाला, त्याआधीच्या रेशनच्या रांगेत त्या उभ्या राहिल्यात. तांदूळ पुरत नाही म्हणून भातात कसावाचे तुकडे घालून त्यांनी दिवस काढलेत. त्यांच्यासमोर मी काय बोलणार?

त्यांचं शेत कारखान्यांसाठी गेलं. भरपाईच्या पैशातून त्यांनी मागं खोल्या बांधल्या, आपल्याकडं चाकणला लोकांनी काढल्या तशाच. एकेका खोलीत दोघी-तिघी मुली. कुणी लांग सोनच्या डोंगरातली, कुणी न्गे आनची. बऱ्याच जणींना मुलं आहेत, आणि ती गावी आजी-आजोबांकडं.

मित्रा, मला सांगायचंय ते हेच. जेवणाची सुट्टी झाली की आमच्याकडं दिवे मालवतात आणि सगळे जमिनीवर पुठ्ठे टाकून चक्क झोपतात. ही इथली रीतच आहे, आणि फार चांगली रीत आहे. पण काही जणी झोपत नाहीत. भिंतीकडं तोंड करून व्हिडिओ कॉलवर हळू आवाजात पोराशी बोलत बसतात. पोराला आई दिसते, पण ती वर्षातून एक-दोनदाच घरी येणार.

ओव्हरटाइमची मर्यादा २०२२ मध्ये महिन्याला ४० तासांवरून ६० तासांवर नेली. बाहेरून बघणाऱ्याला ही पिळवणूक वाटेल. माझ्या लाइनवरच्या मुलींना मात्र ओव्हरटाइम हवाच असतो, कारण नुसत्या मूळ पगारात खोलीचं भाडं देऊन गावी पाठवायला फारसं उरत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात सोन लासारख्या मोठ्या धरणांतलं पाणी तळाला गेलं, उत्तरेत वीजकपात सुरू झाली आणि कारखाने आळीपाळीनं बंद राहिले, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरल्या त्या याच.

पहिली लाइन सुरू व्हायच्या आत इथं रस्ते येतात, वीज येते, सांडपाण्याची सोय होते. पाळणाघर आणि शाळा तेव्हाच का बांधत नाहीत? दहा लाख स्वस्त घरं २०३० पर्यंत बांधायची सरकारी योजना २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण ज्यांची पोरं आजीकडं वाढून मोठी झाली, त्यांची ती वर्षं गेली ती गेलीच. मला हे सहन होत नाही. मी परका माणूस, दोन-दोन वर्षांच्या वर्क परमिटवर राहणारा, आणि माझा पगार त्यांच्या कितीतरी पट. तरी मीटिंगमध्ये पाळणाघराचा विषय मी काढतो आणि काढत राहणार.

आता इथल्या चांद्र नववर्षाचा सण, तेत, जवळ आलाय. लालसर फळांनी लगडलेली कुंडीतली संत्र्याची झाडं मोटरसायकलवर बांधून लोक घरी नेतायत. आठवडाभरात खोल्या रिकाम्या होतील. सुट्टीनंतर कितीजणी परत येतील याची आमच्या एचआरला दरवर्षी धास्ती असते. यंदा काही जणी आल्या नाहीत तर मला आनंदच होईल, मग लाइनचं काय व्हायचं ते होवो.

तू मात्र ये. तेतनंतर चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात तेराव्या तिथीला लिमच्या टेकडीवर जत्रा भरते. तिथं बायकांची जोडी गाते आणि पुरुषांची जोडी तिला गाण्यातूनच उत्तर देते. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, तेवढा अर्ज आधी कर.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच