शेवटच्या खांबापासून मागे

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

एम.टेक.चा प्रबंध काल जमा केला. त्यातला लोड फ्लोचा भाग, म्हणजे विजेच्या जाळ्यात कुठे किती व्होल्टेज आणि प्रवाह हे काढायचं गणित, प्रतापनगरात तुमच्या अंगणात उभा राहिला, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

मे महिन्यातली ती संध्याकाळ. व्होल्टेज इतकं डाऊन की कूलर नुसता गुरगुरत होता. फास्ट डिकपल्ड या लोड फ्लोच्या झटपट पद्धतीने मी रडकुंडीला आलो होतो. दर फेरीला उत्तर आणखीच भरकटायचं. तुम्ही लॅपटॉप मिटायला लावलात आणि विचारलंत, “तारेचा रोध किती, रिअॅक्टन्स किती?” रिअॅक्टन्स म्हणजे एसी प्रवाहाला चुंबकीय क्षेत्रामुळे होणारा अडथळा. दुखणं तिथेच होतं. ती पद्धत रिअॅक्टन्सपुढे रोध किरकोळ धरते. पारेषणाच्या मोठ्या लाइनींना ते चालतं. ११ केव्हीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीत येणाऱ्या लाइनीवर, रोध बरोबरीचा, कधी जास्तच.

“शेवटच्या खांबापासून मागे ये, बाबू,” म्हणालात आणि वही ओढलीत. उपकेंद्रावर व्होल्टेज १, रोध ०.१, टोकाला भार ०.५, सगळं पर युनिटमध्ये, म्हणजे ठरवलेल्या मूळ मापाच्या पटीत. टोकालाही आधी १ च धरलं, प्रवाह ०.५, तारेत पडले ०.१ × ०.५, म्हणून तिथे उरले ०.९५. पण भार शक्ती तेवढीच मागतो, म्हणजे प्रवाह वाढून ०.५२६३. पुन्हा व्होल्टेज: ०.९४७४. मग ०.९४७२. पुन्हा ०.९४७२. “थांबलं बघ.” टोकाकडून प्रवाह गोळा करत यायचं, उपकेंद्रापासून व्होल्टेज वजा करत परत जायचं. बॅकवर्ड-फॉरवर्ड स्वीप पुस्तकात चारदा वाचलं होतं. कळलं त्या पानावर.

रात्री प्रोग्रामात व्होल्टेज हवं तितकं उतरेचना. फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, “प्रवाह काढताना कॉन्जुगेट घेतलास का?” नव्हता घेतला! संमिश्र संख्येतल्या काल्पनिक भागाचं चिन्ह बदलायचं राहिलं होतं. रिअॅक्टिव्ह भाराचं चिन्हच उलटं पडलं होतं. मग बारान आणि वू यांचं १९८९ चं ३३ बसचं, म्हणजे ३३ जोडबिंदूंचं, नमुना जाळं चालवलं: भार ३७१५ किलोवॅट, गळती सुमारे २०३ किलोवॅट, सर्वांत कमी व्होल्टेज १८ व्या बसवर, ०.९१३. छापील आकड्यांशी जुळलं तेव्हा दीड वाजला होता, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. ते आज सांगतोय.

निवृत्तीनंतरची संध्याकाळ तुम्ही एका पोराच्या अडलेल्या गणिताला दिलीत, तीही घाई न करता. मार्गदर्शकांच्या नावाखाली तुमचंही नाव लिहिलंय. वहीतलं ते पान माझ्या प्रतीत चिकटवलं आहे, तुमच्या पेन्सिलीच्या खुणांसकट.

रविवारी प्रत आणि संत्रा बर्फी घेऊन येतो. काकूंना नमस्कार.

तुमचा,
शेजारचा विद्यार्थी